गोंदियाला जाऊन टाकी भरावी का?

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या पंपांवर पेट्रोलच्या लिटरमागे १२० रुपये मोजावे लागत होते. त्याच वेळी वैनगंगेच्या खोऱ्यात, बाघ नदी ओलांडून पलीकडे गेलं की गोंदिया जिल्ह्यातल्या पंपांवर तेच पेट्रोल तीन-चार रुपयांनी स्वस्त मिळत होतं. दोन्हीकडची माती तीच, धान तेच, राइस मिला त्याच, सोयरिकीही इकडून तिकडे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तर दोन्ही गावं नागपूर राजधानी असलेल्या एकाच राज्यात होती. पेट्रोलही त्याच कंपन्यांचं. तरीही भावात फरक, म्हणून रजेगावच्या रस्त्यानं पलीकडे जाऊन टाकी भरून आणण्याची सवय लागली आणि तिची बातमीही झाली. सीमेवरच्या जिल्ह्याला अशी सवय लागणं स्वाभाविक आहे. पण या सवयीमागचा हिशेब कागदावर मांडला की त्यातून इंधनाच्या अख्ख्या चर्चेतली एक मोठी चूक उघडी पडते. आपण लिटरचा भाव बघतो. खिशातून मात्र पैसे जातात ते किलोमीटरचे.

आधी तो चार रुपयांचा हिशेब करू. बालाघाट ते गोंदिया रस्त्यानं साधारण ४५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ९०. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर धावते असं धरलं तर या फेरीतच दोनशेच्या आसपास, नेमकं सांगायचं तर २०९ रुपयांचं पेट्रोल जळतं. दहा लिटरची टाकी भरून वाचतात ४० रुपये. कारची गत याहून वाईट. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी ९० किलोमीटरला ६ लिटर पिते, म्हणजे जवळपास ७०० रुपये, आणि चाळीस लिटर भरून वाचतात १६०. ही फेरी कारवाल्याला फायद्याची ठरायची असेल तर पलीकडचा पंप घरापासून दहा किलोमीटरच्या आत हवा. म्हणजे किरनापूरच्या पुढे, अगदी सीमेलगत राहणाऱ्यांना हे जमेल. ज्यांना दवाखाना, बाजार किंवा रेल्वेसाठी गोंदियाला जायचंच आहे त्यांनाही जमेल. आणि जमेल ते तीन-चारशे लिटर डिझेलची टाकी असलेल्या ट्रकवाल्यांना. खरी मजा त्यांचीच. बाकीच्यांच्या फेरीत बचतीपेक्षा समाधान जास्त.

हा फरक येतो कुठून, तेही बघितलं पाहिजे, कारण त्याचा दोष बहुधा कंपन्यांना किंवा पंपवाल्यांना दिला जातो. त्या वेळी मध्य प्रदेशात पेट्रोलवर ३३ टक्के व्हॅट, वर लिटरमागे साडेचार रुपये आणि १ टक्का उपकर होता. केंद्राचं उत्पादन शुल्क होतं ३२ रुपये ९० पैसे. यावरून उलटा हिशेब केला तर १२० रुपयांतले सुमारे ६६ ते ६७ रुपये दोन सरकारांचे होते. कच्चं तेल, शुद्धीकरण, वाहतूक आणि पंपचालकाचं कमिशन मिळून उरलेले ५३. त्यातही राज्याचा कर टक्केवारीनं लागतो आणि तो केंद्राच्या शुल्कासकट सगळ्या रकमेवर लागतो. केंद्राच्या ३२ रुपये ९० पैशांवर राज्यानं आणखी ११ रुपये घेतले, म्हणजे करावर कर. वाहतुकीचंही तसंच. डेपोपासून लांब असलेल्या जिल्ह्यात टँकरभाडं लिटरमागे एक रुपयानं जास्त पडलं तर ग्राहकाला ते एक रुपया तीस-पस्तीस पैशांना पडतं. बालाघाट, अनूपपूर, शहडोल असे टोकाचे जिल्हे भोपाळपेक्षा नेहमी महाग का, याचं उत्तर इथं आहे. दूर राहण्याचा दंड, आणि त्या दंडावर पुन्हा व्हॅट.

दिवाळीच्या तोंडावर, ३ नोव्हेंबर २०२१ रोजी, केंद्रानं पेट्रोलवरचे ५ आणि डिझेलवरचे १० रुपये कमी केले. मध्य प्रदेशनं व्हॅट ३३ वरून २९ टक्क्यांवर आणि साडेचार रुपये अडीचवर आणले. मे २०२२ मध्ये केंद्रानं आणखी ८ आणि ६ रुपये उतरवले. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्रानं आपले ५ आणि ३ रुपये कमी केले. पुढं गंमत अशी की १६ जून २०१७ पासून आपल्याकडे इंधनाचे भाव रोज बदलतात असं कागदोपत्री ठरलेलं आहे, आणि मे २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत, कच्चं तेल पिंपाला १२० डॉलरवरून ७५ डॉलरपर्यंत हेलकावे खात असताना, कंपन्यांनी पंपावरच्या मूळ भावाला हात लावला नाही. मार्च २०२४ मध्ये २ रुपये उतरले. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रानं शुल्क २ रुपयांनी वाढवलं, तर ते कंपन्यांनी गिळलं. अशा भावाला बाजारभाव म्हणायला जीभ वळत नाही. तो सरकारनं ठरवलेला भाव आहे, फक्त ठरवल्याचं सांगितलं जात नाही. म्हणून उद्या तेल स्वस्त होईल आणि आपली अडचण सुटेल, या आशेवर गाडी विकत घेऊ नये. तेल स्वस्त झालं तरी ती स्वस्ताई बालाघाटच्या पंपापर्यंत पोहोचेलच असं नाही.

आता किलोमीटरकडे वळू. पुढच्या सगळ्या हिशेबाला बालाघाटचं पेट्रोल १०८ रुपये धरतो. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ त्याला शोरूममध्ये मिळणारा आकडा चाचणीतला असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग कमी-जास्त करतात, एसी बंद असतो, आणि त्यातून आकडा निघतो. तो खोटा नसतो. दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी असतो. पण त्याला बैहरचा घाट ठाऊक नाही, पावसाळ्यातले खड्डे ठाऊक नाहीत आणि मे महिन्यातला एसीही ठाऊक नाही. प्रत्यक्षात लिटरमागे चार-सहा किलोमीटर कमी पडले तर फसवणूक झाली असं समजायचं कारण नाही. त्या फरकाचा बराच भाग आपल्या पायात असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे ६० वरून ९० वर जाताना तो दुपटीहून जास्त होतो. सरकारची पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था, १९७८ मध्ये स्थापन झालेली, कित्येक वर्षं ४५ ते ५५ किलोमीटरच्या वेगानं चालवा म्हणून सांगत आली. तो सल्ला पंपांवरच्या पाट्यांवर धूळ खात राहिला. आरामात चालवून आणि चाकांत हवा नीट ठेवून दहा टक्के बचत झाली तरी ती लिटरमागे जवळपास ११ रुपयांची आहे. गोंदियाच्या फरकाच्या तिप्पट, आणि तीही नदी न ओलांडता.

हाच हिशेब उलट्या दिशेनंही लागतो, आणि तो लागला आहे तो इथेनॉलमुळे. २०१३-१४ मध्ये पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल होतं. २०२२ मध्ये १० टक्के झालं, २०३० चं उद्दिष्ट अलीकडे आणून २०२५ मध्ये २० टक्के गाठलं. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा एक तृतीयांशानं कमी. नीती आयोगानं २०२१ मध्ये स्वतःच्याच आराखड्यात लिहून ठेवलं होतं की जुन्या धाटणीच्या चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकींचं ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. २० टक्के इथेनॉलसाठी जुळवून बनवलेल्या गाड्यांत घट एक-दोन टक्के. म्हणजे पाटीवरचा भाव न हलता, जुन्या कारवाल्याला पेट्रोल लिटरमागे सुमारे ७ रुपयांनी महाग झालं, मोटारसायकलवाल्याला सुमारे ४ रुपयांनी. ज्या चार रुपयांसाठी लोक राज्याची सीमा ओलांडत होते, तेच चार रुपये टाकीत बसून गेले आणि फारसा गवगवा झाला नाही. गाड्यांची इंजिनं खराब होतात का, यावर मात्र २०२५ मध्ये देशभर रान पेटलं. माझ्या मते तो वाद दुय्यम आहे. खरी तक्रार किलोमीटरची असायला हवी, आणि ती रास्त आहे. कमी ऊर्जेचं इंधन त्याच भावात विकलं जातं.

यावर उत्तर मिळतं की इथेनॉलमुळे परकीय चलन वाचतं आणि शेतकऱ्याला दाम मिळतो. पहिलं खरं आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं. दुसऱ्याबद्दल धानाच्या जिल्ह्यानं तरी थोडं थांबून विचार करावा. इथेनॉल उसाच्या मळीतून होतं तसं मक्यापासून आणि तांदळापासूनही होतं. अन्न महामंडळाच्या गोदामातला तांदूळ २०२४-२५ मध्ये डिस्टिलऱ्यांना क्विंटलला २,२५० रुपयांनी देण्यात आला. तो खरेदी करून, भरडून, साठवून सरकारला पडणारा खर्च याहून कितीतरी जास्त. एका क्विंटल तांदळातून साधारण ४५ लिटर इथेनॉल निघतं. ऊर्जेच्या मापानं ते ३० लिटर पेट्रोलइतकं, म्हणजे मोटारसायकलचे दीड हजार किलोमीटर. तोच क्विंटल रेशनच्या दरमहा पाच किलोच्या हिशेबानं एका माणसाला वीस महिने पुरतो. गोदामात सडणारा तांदूळ किंवा मिलमधली निरुपयोगी कणी जाळली तर कुणाची हरकत नसावी. पण कणी संपली की पाळी अख्ख्या दाण्याची येते. जुलै २०२३ मध्ये पाऊस आणि साठ्याच्या काळजीपोटी सरकारनं डिस्टिलऱ्यांचा तांदूळ एकाएकी बंद केला होता आणि वर्षभरानं पुन्हा सुरू केला. ज्या इंधनाचा पुरवठा मान्सूनवर ठरतो ते पेट्रोलला जोड म्हणून ठीक आहे, पर्याय म्हणून नाही. चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जिल्ह्यात तर हे वेगळं पटवून द्यायला नको.

मग उरतो विजेचा पर्याय. इथं मोठ्या शहरांची चर्चा जशीच्या तशी उचलून आणली की घोटाळा होतो, कारण ती कारभोवती फिरते. बालाघाटच्या रस्त्यावर कार थोड्या, मोटारसायकली अमाप. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, मिलमधले कामगार, शेतावर डबा नेणारे, सगळे दोन चाकांवर. म्हणून आधी दुचाकी. लिटरला ५० किलोमीटर धरले तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला २ रुपये १६ पैसे. विजेची स्कूटर एका युनिटमध्ये तीसेक किलोमीटर जाते. युनिट ८ रुपयांचं धरलं आणि चार्जिंगमधली गळती मोजली तरी खर्च ३० पैशांच्या आसपास. पण बॅटरी म्हातारी होते, हे विसरून चालणार नाही. नवी बॅटरी ५० हजारांची आणि तिचं आयुष्य ५० हजार किलोमीटर असं मुद्दाम कडक मोजमाप लावलं, तर किलोमीटरला आणखी एक रुपया. तरीही ८५ पैसे वाचतात, शिवाय ऑइल, प्लग, क्लच यांचा खर्च नाही. सुट्ट्या वगळून रोज ३० किलोमीटर धावणाऱ्याला वर्षाला साडेसात-आठ हजार रुपये. स्कूटरची वीस-पंचवीस हजारांची जास्तीची किंमत तीन वर्षांत वसूल. रोज आठ किलोमीटर धावणाऱ्याला मात्र वर्षाला जेमतेम दोन हजार, म्हणजे त्यानं जुनी मोटारसायकलच वापरावी आणि चाकात हवा भरून घ्यावी.

कारचा हिशेब इतका सरळ नाही. लिटरला १६ किलोमीटर देणारी छोटी कार किलोमीटरला पावणेसात रुपये खाते, विजेची कार घरी चार्ज केली तर सव्वा रुपया. फरक घसघशीत आहे. पण त्याच आकाराच्या गाडीला तीन-चार लाख जास्त मोजावे लागतात, आणि वर्षाला दहा हजार किलोमीटरच धावणाऱ्या कुटुंबाला ते वसूल व्हायला सहा-सात वर्षं लागतात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल कारवरचा जीएसटी २८ टक्के आणि उपकर यांवरून १८ टक्क्यांवर आला. विजेच्या गाड्यांवर तो ५ टक्केच राहिला, तरी दोघींमधलं अंतर सरकारनंच कमी केलं. रस्त्यावरच्या चार्जरवर युनिटला २० रुपये पडले तर किलोमीटरचा खर्च तीन रुपयांपर्यंत जातो आणि सीएनजी त्याच्या फार मागे राहत नाही. रोज दोनशे किलोमीटर पळणाऱ्या टॅक्सीला विजेची कार आजही परवडते. कान्हाच्या मुक्की दरवाज्याकडे पर्यटक नेणाऱ्या गाड्यांना तर ती शोभेलही, कारण जंगलात आवाज न करणारी गाडी हवीच असते. दारात महिन्यातून वीस दिवस उभ्या राहणाऱ्या कारला ती परवडत नाही. अशा मालकानं विजेची कार हौसेनं घ्यावी, बचतीचं नाव सांगू नये.

विजेवरच्या गाड्यांविरुद्ध एक आक्षेप सर्रास ऐकू येतो, की वीज कोळशाचीच, मग धूर फक्त दुसरीकडे गेला. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं औष्णिक केंद्र धडधडत असताना हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. मोजून बघू. लिटरभर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, मोटारसायकलला किलोमीटरमागे ४६ ग्रॅम. देशातल्या विजेच्या सरासरी युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास, त्यामुळे स्कूटरला तारांतली गळती धरून २८-३० ग्रॅम. कारमध्ये पेट्रोलचे १४४, विजेचे १२० च्या घरात. म्हणजे आक्षेप कारच्या बाबतीत बराचसा खरा आहे, बॅटरी बनवतानाचा धूर धरला तर आणखीच. दुचाकीच्या बाबतीत तो पडतो. शिवाय पेट्रोलचं इंजिन आहे तितकाच धूर सोडत राहणार, आणि विजेमागचा धूर मात्र रेवाच्या ७५० मेगावॉटसारख्या सौर प्रकल्पांनी वर्षागणिक हलका होत जाणार. दुसरा आक्षेप वीज जाण्याचा. स्कूटरची बॅटरी तीन युनिटची, तिला रात्रीतले चार-पाच तास साधा प्लग पुरतो. भारनियमन असलं तरी इतकी वीज खेड्यातही मिळते. उन्हाळ्यातल्या ४५ अंशांनी बॅटरी लवकर थकते हे खरं आहे, आणि म्हणूनच वर ५० हजार किलोमीटरचं आयुष्य हात आखडून धरलं.

या जिल्ह्याचं विजेच्या गाड्यांशी आणखी एक नातं आहे, ते फारसं बोललं जात नाही. देशातल्या तांब्याच्या साठ्याचा सर्वांत मोठा भाग मलाजखंडला आहे. हिंदुस्तान कॉपरनं १९८२ मध्ये तिथं उघडी खाण सुरू केली, आता काम जमिनीखाली चाललं आहे. भरवेलीला मॉइल या सरकारी कंपनीची मँगनीजची खाण, आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत गणली जाणारी, आणि कंपनीचं मुख्यालय नागपूरला. पेट्रोल कारमध्ये वीस-पंचवीस किलो तांबं असतं, विजेच्या कारमध्ये ८० किलोच्या आसपास. मँगनीज काही जातींच्या बॅटऱ्यांत जातं. यावरून बालाघाटचं नशीब उघडणार असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. मलाजखंडहून जातं ते सांद्र खनिज, धातू बाहेर बनतो. भरवेलीचं मँगनीज मुख्यत्वे पोलादाच्या कामी येतं, आणि आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत ज्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्या पसरत आहेत त्यांत मँगनीज लागतच नाही. खाणीचा खड्डा इथं राहील, स्कूटर दुसरीकडे जुळेल.

सर्वांत टोकदार आक्षेप मात्र वेगळाच आहे आणि तो अर्थखात्यातून येतो. विजेवरची बचत ही बचत नाही, चुकवलेला कर आहे, असं त्याचं म्हणणं. १०८ रुपयांच्या पेट्रोलमध्ये दोन्ही सरकारांचे मिळून ४८-४९ रुपये असतात. मोटारसायकलच्या प्रत्येक किलोमीटरमागे जवळपास एक रुपया तिजोरीत जातो. विजेच्या स्कूटरमागे काही पैसे. वर जे ८५ पैसे वाचले ते जवळजवळ तेवढेच आहेत. कर वजा केला तर पेट्रोलचा खर्च किलोमीटरला १ रुपया १९ पैसे, विजेचा बॅटरीसकट १ रुपया ३० पैसे. आक्षेप हिशेबाला पक्का आहे, मान्य करावा लागतो. त्यावर दोन गोष्टी सांगता येतात. त्या १ रुपया १९ पैशांतला मोठा भाग डॉलरमध्ये देशाबाहेर जातो, विजेचा पैसा बहुतांश इथंच फिरतो. आणि बॅटरीच्या किमती गेल्या दशकात कोसळत आल्या आहेत, तशा पेट्रोलच्या कोसळण्याचं काही लक्षण नाही. तरीही रस्ते कराच्या पैशांनी होतात आणि विजेच्या गाड्याही त्याच रस्त्यांवर धावतात. न्यूझीलंडनं एप्रिल २०२४ पासून विजेच्या कारना किलोमीटरमागे रस्ताकर लावला. मध्य प्रदेश किंवा महाराष्ट्र आज ना उद्या तेच करतील. म्हणून विजेची दुचाकी घेणाऱ्यानं आजच्या तीस पैशांवर दहा वर्षांचा संसार मांडू नये, किलोमीटरला आणखी पंचवीस-तीस पैसे कर लागेल असं धरून चालावं. तेवढं धरूनही रोज तीस किलोमीटर जाणाऱ्या वारासिवनीच्या किंवा लांजीच्या माणसाचा हिशेब जमतो. आठ किलोमीटरवाल्याचा आधीही जमत नव्हता.

आणि ज्याला गोंदियाला जायचंच आहे त्याच्यासाठी तर रूळ आहेत. सातपुड्याची अरुंद रुळांवरची गाडी २०१५ मध्ये थांबली, जबलपूर ते गोंदिया सबंध मार्ग रुंद झाला आणि त्यावर विजेची इंजिनं धावू लागली. इतक्या माणसांना इतक्या कमी ऊर्जेत नेणारं दुसरं साधन या खोऱ्यात नाही. त्या मार्गावर दिवसाउजेडी सोयीच्या वेळेला दोन सवारी गाड्या वाढल्या, तर व्हॅट दोन टक्क्यांनी उतरवल्यापेक्षा जास्त पेट्रोल वाचेल. पण व्हॅटसाठी मोर्चा निघतो, वेळापत्रकासाठी निघत नाही.